घरच्या घरी गरोदरपणाचे फोटो: एकच खिडकी, छोटी खोली, पोटाची गोलाई नीट कशी दिसेल?

कवडसा२७

बायकोला ३१वा आठवडा चालू आहे. स्टुडिओत न जाता घरीच फोटो काढायचे ठरवलंय. हाताशी काय आहे ते आधी सांगतो. खोली १० बाय १२ फूट, पश्चिमेला ग्रिलची एक मोठी खिडकी, भिंती फिकट हिरव्या. क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) डीएसएलआर, सोबत १८-५५ किट लेन्स आणि ५० एमएम एफ/१.८. ट्रायपॉड आहे, फ्लॅश नाही. फोनला मागे दोन कॅमेरे आहेत.

चाचणीच्या फोटोंत तीन गोष्टी खटकतात. खिडकीकडे तोंड करून उभं केलं की चेहरा छान येतो, पण पोट सपाट दिसतं. डोळ्यांवर फोकस धरला तर पोटावरचे हात धूसर येतात. आणि त्वचा एका बाजूने पिवळट, दुसऱ्या बाजूने हिरवट दिसते.

शिवाय दोघांचे एकत्र आणि ३ वर्षांच्या मुलीबरोबरचेही फोटो हवेत. कोणत्या पोझ टाळाव्यात, आणि ३१वा आठवडा ठीक की अजून थांबावं, तेही सांगा.

काजळरेघ

थांबू नका, हीच वेळ आहे. साधारण २८ ते ३४ आठवड्यांत पोटाला छान गोलाई आलेली असते आणि उठबसही अजून जमते. ३६ नंतर सूज, दम, कंबरदुखी वाढत जाते आणि बाळाने घाई केली तर फोटो राहूनच जातात. जुळं असेल तर ३० आठवड्यांच्या आतच उरकावं.

पोट सपाट दिसतंय ते उजेड समोरून येतोय म्हणून. खिडकीकडे तुमची पाठ आणि वहिनींचं तोंड, म्हणजे पोटावर सावली पडायला जागाच नाही. आणि सावलीशिवाय गोलाई कळत नाही. कॅमेरा असा लावा की त्याची नजर खिडकीच्या भिंतीला समांतर जाईल. वहिनींना खिडकीपासून ३ ते ४ फुटांवर उभं करा आणि त्यांचं पोट खिडकी आणि कॅमेरा यांच्या मधल्या दिशेला, म्हणजे अंदाजे ४५ अंशांत वळवा. आता पोटाचा खिडकीकडचा भाग उजळ, मग हळूहळू करडा, आणि पलीकडची कड सावलीत जाईल. गोलाई दिसते ती या उतरत्या सावलीमुळे. त्या अजून थोड्या खिडकीकडे वळल्या की कॅमेऱ्याला पोट पूर्ण बाजूने दिसतं. तो कोनही उत्तम. पोट खोलीच्या आतल्या बाजूला मात्र वळवू नका, सगळं अंधारात जाईल.

खिडकीला अगदी चिकटून उभं केलं तर पोटाचा पुढचा भाग जळतो, म्हणजे नुसता पांढरा होतो, आणि पाठ काळी पडते. ७-८ फूट आत नेलं तर उजेड कमी पडतो, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची क्षमता) चढवावा लागतो.

पश्चिमेची खिडकी तुमच्या फायद्याची आहे. सकाळपासून दुपारपर्यंत तिच्यातून नुसत्या आकाशाचा मऊ उजेड येतो, थेट ऊन येत नाही. ९ ते ११.३० ही वेळ धरा. दुपारनंतरच जमणार असेल तर खिडकीवर पातळ पांढरी चादर किंवा पडदा लावा. रंगीत पडदा नको, त्याचा रंग त्वचेवर उतरतो.

पिवळट बाजू बल्बची आहे. घरगुती पिवळा बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा, खिडकीचा उजेड ५५०० किंवा त्याहून वर. कॅमेरा दोन्हींचा मेळ एकाच वेळी घालू शकत नाही. खोलीतले सगळे दिवे बंद करा, बाहेरच्या पॅसेजमधलाही. हिरवट बाजू तुमच्या भिंतीची. खिडकीचा उजेड त्या भिंतीवर आपटून हिरवा होऊन परत येतो. सावलीच्या बाजूला भिंतीवर पांढरी चादर लावा किंवा ३ बाय ४ फुटांचा थर्माकोलचा ताव उभा करा. हिरवा रंग थांबतो आणि सावलीतही थोडा उजेड भरतो. ताव वहिनींपासून ३ फुटांवर ठेवून सुरुवात करा. फार जवळ आणला तर सावली पुसली जाते आणि पोट पुन्हा सपाट.

व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवू नका. वहिनी जिथे उभ्या राहणार तिथेच त्यांच्या हातात पांढरा कागद देऊन त्याचा फोटो घ्या आणि त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स बसवा. मग मॅन्युअल मोडवर एफ/४ (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तेवढं छिद्र मोठं आणि मागचं जास्त धूसर), शटर १/१६० सेकंद, आयएसओ ४०० पासून सुरू करा. अंधारं वाटलं तर आयएसओ ८०० करा. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघताना चेहऱ्याआधी पोटाच्या खिडकीकडच्या कडेकडे बघा. उघड्या त्वचेत सगळ्यात आधी तीच जळते.

उजेडवाट

बाकी सगळं पटलं, फक्त एफ/४ बद्दल शंका आहे. १० बाय १२ च्या खोलीत मागचं कपाट, स्विचबोर्ड, कपड्यांचा स्टँड सगळं स्पष्ट दिसेल. ५० एमएम एफ/१.८ हातात असताना मागचं धूसर करून टाकलेलं बरं, नाही का?

तिपाई

मागचं धूसर होईल, पण त्याबरोबर वहिनींचे हातही होतील; दुसरी तक्रार नेमकी तीच आहे. क्रॉप सेन्सरवर ५० एमएम, अंतर २ मीटर, एफ/१.८ असेल तर स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली ११-१२ सेंटिमीटर असते. एफ/४ वर तीच २५ सेंटिमीटरच्या आसपास जाते. कॅमेऱ्याकडे वळून उभं राहिल्यावर पोटावरचा हात डोळ्यांपेक्षा सहज २०-२५ सेंटिमीटर पुढे असतो. म्हणजे १.८ वर दोन्ही एकदम स्पष्ट येणं शक्यच नाही.

म्हणून दोनच वाटा. अंगाचा कोन कॅमेऱ्याकडे असेल तर एफ/४ ते एफ/५.६. पूर्ण बाजूने उभं केलं असेल, म्हणजे डोळे आणि हात कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर, तर एफ/२.२ किंवा २.८ चालतं. नुसत्या हातांचे, बोटांचे जवळचे फोटो घेताना एफ/१.८ जरूर वापरा, तिथे ते फार सुंदर दिसतं.

मागच्या पसाऱ्याचा बंदोबस्त छिद्राने करण्यापेक्षा चादरीने करा. पडद्याच्या दांडीवर किंवा दोन खुर्च्यांमध्ये बांधलेल्या दोरीवर एकरंगी चादर लावा, कपड्यांच्या चिमट्यांनी दोन्ही बाजूंना ताणा आणि खालची कड जमिनीवर फूटभर पुढे येऊ द्या. आधी इस्त्री करा. घडीच्या रेघा फोटोत भिंतीवरच्या तड्यांसारख्या दिसतात आणि नंतर पुसताना जीव जातो. वहिनी आणि चादर यांच्यात ४ फूट तरी सोडा. एवढ्या अंतराने उरलेल्या चुण्या एफ/४ वरही विरघळतात.

आता लेन्स. ५० एमएमने क्रॉप सेन्सरवर डोक्यापासून पायापर्यंत फोटो घ्यायला साधारण ४ मीटर, म्हणजे १३-१४ फूट मागे जावं लागतं. तुमची खोली लांबीलाही १२ फुटांची, आणि त्यात चादर व ४ फूट मोकळी जागाही बसवायची. तेव्हा ५० एमएम डोक्यापासून मांडीपर्यंतच्या फोटोंसाठी ठेवा, त्याला ८ फूट पुरतात. पूर्ण उंचीसाठी किट लेन्स ३५ वर ठेवा, १० फुटांत काम होतं. चादरीपुढचे ४ फूट धरून ते खोलीत मावत नाही, म्हणून कॅमेरा दाराबाहेर पॅसेजमध्ये न्या. किट लेन्स ३५ ला एफ/४.५ च्या आसपासच उघडते, त्यामुळे आयएसओ ८०० ते १६०० लागेल. थोडे दाणे आले तरी चालतील, हललेला फोटो मात्र कशानेच सुधारत नाही. लेन्स १८ वर नेऊन जवळून काढू नका. कॅमेऱ्याजवळची वस्तू फुगते, म्हणजे पोट अवास्तव मोठं आणि डोकं लहान दिसतं.

कॅमेऱ्याची उंचीही महत्त्वाची. पूर्ण उंचीच्या फोटोला बेंबीच्या पातळीवर, अर्ध्या फोटोला छातीच्या पातळीवर. तुमच्या डोळ्यांच्या उंचीवरून खाली बघत काढलं की पाय आखूड आणि पोट दबलेलं दिसतं.

मृण्मयी_फिजिओ

वहिनींच्या शरीराच्या बाजूनेही काही गोष्टी लक्षात ठेवा, कॅमेऱ्याइतक्याच त्या महत्त्वाच्या आहेत.

पाठीवर सपाट झोपवून वरून घेतलेले फोटो या आठवड्यात टाळा. २० आठवड्यांनंतर वाढलेल्या गर्भाशयाचा भार मागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो, हृदयाकडे परत जाणारं रक्त कमी होतं आणि काही मिनिटांत चक्कर, मळमळ, घाम सुरू होऊ शकतो. झोपलेला फोटो हवाच असेल तर डाव्या कुशीवर झोपवा, गुडघ्यांमध्ये आणि पोटाखाली उशी द्या. उशी कॅमेऱ्याच्या विरुद्ध बाजूने सरकवली की दिसत नाही. आणि वरून फोटो घेताना कॅमेऱ्याचा पट्टा तुमच्या गळ्यात असलाच पाहिजे.

एका जागी ताठ उभं राहणं हे चालण्यापेक्षा जास्त त्रासाचं. पायांत रक्त साचतं आणि भोवळ येते. १० मिनिटं उभ्याने, मग ५ मिनिटं बसून, असा क्रम ठेवा. शेजारी खुर्ची आणि पाणी असू द्या. सगळं मिळून तासाभरात आटपा. उपाशीपोटी सुरू करू नका.

स्टूल, खिडकीचा कट्टा, पलंगावर उभं राहणं, एका पायावरचा तोल, यातलं काहीच नको. पोटामुळे शरीराचा तोल पुढे सरकलेला असतो आणि सांधेही सैलावलेले असतात. जमिनीवर लोळणारं लांब कापड अंगावर असेल तर त्या जागेवर उभ्या राहिल्यावरच तुम्ही ते पसरा आणि हलण्याआधी तुम्हीच गोळा करा. फरशीवर मोजे घालून उभं राहू देऊ नका, अनवाणी बरं.

उभी पोझ बसवायची ती अशी. कॅमेऱ्यापासून लांबच्या पायावर वजन, जवळच्या पायाचा गुडघा किंचित पुढे वाकलेला. त्याने कमरेची रेघ सुटी होते आणि पाठीवर ताणही येत नाही. पोट मोठं दिसावं म्हणून कंबर मागून वाकवायला लावतात, ते अजिबात करू नका. कंबर आधीच पुढे ओढली गेलेली असते. एक हात पोटाच्या वर, एक खाली, बोटं सैल. पोट घट्ट दाबलं की बोटांची टोकं पांढरी पडतात आणि ते फोटोत लगेच दिसतं. कोपर अंगापासून चार बोटं लांब ठेवायला सांगा. खांदे एकदा कानांपर्यंत उचलून सोडून द्यायला सांगितलं की आपोआप खाली येतात.

चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, जोराची डोकेदुखी, ठरावीक अंतराने कळा, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणं, यातलं काहीही झालं तर कॅमेरा बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना फोन करा. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली असेल किंवा वार (प्लॅसेंटा) खाली असल्याचं निदान असेल, तर उभ्याच्या फोटोंआधी त्यांना विचारा. पलंगाच्या कडेला बसूनही भरपूर चांगले फोटो होतात.

कवडसा२७

सगळ्यांचे मनापासून आभार. अजून तीन प्रश्न आहेत. खिडकीसमोर फक्त काळी आकृती दिसेल असा फोटो घ्यायचाय, पण ग्रिलच्या रेघा मध्ये येतात. दोघांच्या फोटोला टायमर लावला की फोकस मागच्या भिंतीवर जातो. आणि मुलगी एका जागी थांबतच नाही.

काजळरेघ

काळ्या आकृतीसाठी आधीची सगळी मांडणी उलटी करायची. कॅमेऱ्याचं तोंड थेट खिडकीकडे, वहिनी मध्ये, पूर्ण बाजूने. पांढरी चादर ग्रिलला टेकवून लावली की ग्रिल तिच्यावर रेघारेघांनी उमटतं. ती ग्रिलपासून दीड फूट आत, दोरीवर लावा. आकाशाचा मऊ उजेड असेल तर एवढ्या अंतरात रेघा पुसट होऊन जातात. थेट ऊन असेल तेव्हा मात्र जात नाहीत, म्हणून हाही फोटो सकाळीच.

आधी लावलेली पांढरी चादर आणि थर्माकोल खोलीतून बाहेर काढा. नाहीतर त्यांच्यावरून उजेड परत येतो आणि आकृती काळी न होता राखाडी होते. एक्स्पोजर चादरीवर धरायचं, वहिनींवर नाही. एफ/५.६, १/२५०, आयएसओ १०० पासून सुरू करा आणि चादर जवळजवळ पांढरी पण नुसती कोरी नाही, तिथे थांबा. वहिनींना चादरीपासून ३ फूट पुढे आणा. अगदी जवळ असल्या तर पांढरा उजेड कडांवर चढतो आणि पोटाची रेघ भुरकट होते.

या फोटोत फक्त बाह्यरेषा बोलते. कपडे अंगासरशी, केस वर बांधलेले, हनुवटी किंचित वर. पोट आणि पुढचा हात यांच्यामध्ये उजेड दिसलाच पाहिजे, नाहीतर दोन्ही मिळून एक काळा गोळा होतो.

तिपाई

टायमरचं असं होतं: तुम्ही बटण दाबताना समोरच्या जागी कुणी नसतं, म्हणून कॅमेरा मागे मिळेल तिथे फोकस धरतो. वहिनींना जागेवर उभं करा, त्यांच्या पायांशी फरशीवर चिकटपट्टीची खूण करा. त्यांच्या डोळ्यावर ऑटोफोकस करा आणि लगेच लेन्सवरचं बटण एमएफवर (मॅन्युअल फोकसवर) सरकवा. आता फोकस तिथेच अडकून राहील. किट लेन्स असेल तर त्यानंतर झूमची कडी हलवू नका, फोकस सरकतो. वहिनी हलल्या, बसल्या, की पुन्हा पहिल्यापासून.

१० सेकंदांचा टायमर आणि एका दमात अनेक फोटो घेणारा पर्याय बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो, तो निवडा. पहिल्या फोटोत तुम्ही धावत पोचलेले असता, तिसऱ्या-चौथ्यात श्वास बसतो. दोघांसाठी एफ/५.६ ठेवा. तुम्ही वहिनींच्या मागे, अर्धं अंग बाहेर आणि चेहरा त्यांच्या चेहऱ्याशेजारी, एकाच पातळीत. तुमचे हात त्यांच्या हातांखाली, पोटाच्या खालच्या बाजूला ठेवा. वरून मिठी मारली की तुमच्या बाह्या पोटावरून आडव्या जातात आणि ज्याच्यासाठी फोटो काढला तेच झाकलं जातं.

फोन वापरणार असाल तर दुसरा कॅमेरा कोणता ते बघा. अल्ट्रावाइड असेल तर तो नको. मुख्य कॅमेरा घ्या आणि मागे सरका. २एक्स टेलिफोटो असेल तर तोच वापरा. पोटाच्या उजळ बाजूवर बोट दाबून ठेवून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग बोट खाली ओढून किंचित गडद करा. पोर्ट्रेट मोड इथे दगा देतो. कोपर आणि कंबर यांच्यामधली फट धूसर करायची विसरतो आणि पातळ कापडाची कड कुरतडतो. चेहरा गुळगुळीत करणारं फिल्टर चालू असेल तर तेही बंद करा.

उजेडवाट

चादरीचं पटलं, एफ/४ वरच जा. मुलीबद्दल माझ्याकडून: तिचे फोटो सगळ्यात आधी घ्या आणि १० मिनिटांत तिला मोकळं करा. वहिनींनी तिला उचलून घ्यायचं नाही. त्यांना पलंगाच्या कडेला बसवा, पलंग खिडकीला काटकोनात, आणि मुलगी शेजारी जमिनीवर उभी. म्हणजे तिचं डोकं आपसूक पोटाच्या जवळपास येतं. कॅमेरा तिच्या उंचीवर न्या. शटर १/२५० किंवा त्याहून जलद, एफ/४, आयएसओ लागेल तेवढा, आणि सलग फोटोंचा मोड.

‘हस’ म्हटलं की मूल दात दाखवतं. त्यापेक्षा काम सांगा: बाळाच्या कानात गुपित सांग, बाळ काय म्हणतंय ते ऐक, पोटावर बोटाने घर काढ. ती कामात गढली की कॅमेऱ्याचं बटण दाबत जा. फक्त कोपराने पोटावर रेलू देऊ नका.

कपड्यांचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. पोटाची गोलाई सावलीने दिसते, आणि काळ्या कपड्यावर सावली दिसतच नाही. खिडकीच्या उजेडात काळा पोशाख म्हणजे गोलाई गेली. पांढऱ्या चादरीपुढे पांढरा कपडा असेल तर कडा हरवतात. मरून, गडद निळा, मातकट, करडा असे मधले रंग घ्या, एकरंगी आणि ताणले जाणारे. बारीक नक्षी नको. सैल कपडा असेल तर छातीखाली नाडी किंवा ओढणीने बांधा. उघड्या पोटाचे फोटो घ्यायचे असतील तर दोन तास आधीपासून घट्ट इलॅस्टिक, मोजे, पट्टे काहीच अंगावर नको. इलॅस्टिकचे वळ लवकर जात नाहीत आणि बाजूच्या उजेडात ते जास्तच उठून दिसतात. तेलही लावू नका, चकाकीचा पांढरा ठिपका पडतो. साधं मॉइश्चरायझर पातळ लावून मुरू द्या.

काजळरेघ

एडिटिंगचं थोडं. कॅमेऱ्यात रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) आणि जेपेग दोन्ही साठवा. एका फोटोचा रंग आणि उजेड नीट करून तीच सेटिंग त्याच मांडणीच्या बाकी फोटोंवर चढवा, म्हणजे सगळे एका रंगात राहतात. इलॅस्टिकचा वळ, डास चावल्याचा ठिपका खुशाल पुसा. बेंबीवरून जाणारी काळी रेघ आणि ताणाच्या खुणा मात्र वहिनींना विचारल्याशिवाय काढू नका. ठेवायच्या की नाही हे त्यांनीच ठरवायचं. आकार ओढून बदलणारं साधन वापरलं की मागची दाराची चौकट वाकते, चादरीपुढचा फोटो असला तरी ग्रिलची किंवा फरशीची रेघ एकदा तपासा.

कार्ड फॉरमॅट करण्याआधी दोन वेगळ्या ठिकाणी प्रती आहेत ना ते फाइल उघडून बघा. आणि मांडणीची तालीम आदल्या दिवशी त्याच वेळेला स्वतः उभं राहून करून घ्या: चादर, थर्माकोल, चिकटपट्टीच्या खुणा, सेटिंग सगळं. मग दुसऱ्या दिवशी वहिनींना फक्त येऊन उभं राहायचं उरेल.